शून्यवादी

आमच्या ऑफिसात त्याला सगळे शून्यवादी म्हणतात. नागार्जुनाशी किंवा बौद्ध तत्त्वज्ञानाशी त्याचा काडीचा संबंध नाही. त्याचं शून्य अगदी व्यवहारातलं आहे. मेलबॉक्सच्या डाव्या बाजूला न वाचलेल्या मेलचा जो आकडा दिसतो, तो नाहीसा झाला पाहिजे, एवढंच त्याचं दर्शन. सकाळी नऊला तो आकडा दीडशेच्या आसपास असतो. जेवणाच्या सुट्टीआधी तो शून्य होतो. त्या क्षणी शून्यवादी खुर्ची मागे ढकलतो, दोन्ही हात डोक्यामागे बांधतो आणि छताकडे बघतो. आजूबाजूच्या टेबलांना कळतं, आजचं झालं. मग टिंग असा आवाज होतो आणि नवा मेल येतो. बहुतेक वेळा तो त्यानंच सकाळी पाठवलेल्या मेलचं उत्तर असतो.

ही शेवटची भानगड मी त्याला एकदा समजावून सांगितली. म्हटलं, "अरे, तू जेवढे पाठवतोस त्याच्या दुप्पट परत येतात. कमी पाठव, कमी येतील." त्यानं मन लावून ऐकलं. "पॉइंट चांगला आहे," म्हणाला. संध्याकाळी मला त्याचा मेल आला. विषय: 'आजच्या चर्चेचा सारांश'. प्रत सहा जणांना. त्यातल्या चौघांनी 'नोटेड' असं उत्तर सगळ्यांना पाठवलं आणि पाचव्यानं कुठली चर्चा म्हणून विचारलं.

भोसरीच्या एमआयडीसीत आमचा कारखाना. गाड्यांचे सुटे भाग करतो. शून्यवादी खरेदी विभागाचा प्रमुख, मी गुणवत्ता विभागात. म्हणजे मी मागायचं आणि त्यानं द्यायचं, किंवा का देत नाही ते सांगायचं, असं आमचं नातं. माणूस गुणी आहे, हे आधीच सांगून टाकतो. एखादा पार्ट त्याच्या हातात द्या. तो तळहातावर दोनदा उडवेल आणि कच्च्या मालाचं वजन, मशिनिंगचा खर्च आणि व्हेंडर किती फुगवून सांगणार आहे, हे तिन्ही सांगेल. कागद-पेन्सिल लागत नाही. चाकणपासून कोल्हापूरपर्यंत कुठल्या फाउंड्रीत कोणाचा शब्द खरा, हे त्याला तोंडपाठ. पूर्वी तो हे सगळं फोनवर आणि शॉपवर फिरता फिरता करायचा. त्या काळात त्याच्या टेबलावर कागदांचा ढीग असे आणि पीओ वेळेवर निघत. आता टेबल स्वच्छ आहे.

शून्याचा नाद त्याला 'इनबॉक्स झिरो'वरून लागला. मर्लिन मान नावाच्या अमेरिकन लेखकानं ही कल्पना मांडली आणि २००७ मध्ये गूगलच्या कचेरीत त्यावर भाषण दिलं. ते भाषण शून्यवाद्यानं कितीतरी वेळा पाहिलंय आणि आम्हालाही दाखवलंय. पण मान यांचं म्हणणं वेगळंच होतं. मेलची संख्या शून्य करा, असं ते म्हणत नव्हते. माणसाचं डोकं त्या मेलपेटीत जेवढा वेळ अडकून पडतं, तो वेळ शून्याकडे न्या, असं म्हणत होते. हे मी शून्यवाद्याच्या कानावर घातलं. तो जरा विचारात पडला. मग म्हणाला, "बरोबर आहे. पण ते मोजता येत नाही ना."

मोजता येईल ते खरं, हा त्याचा दुसरा सिद्धांत. डेव्हिड ॲलन यांचं 'गेटिंग थिंग्ज डन' हे २००१ सालचं पुस्तक त्याच्याकडे दोन प्रतींत आहे, एक घरी आणि एक ऑफिसात. त्यात एक सुटसुटीत नियम आहे: जे काम दोन मिनिटांत होईल ते यादीत घालू नका, तिथल्या तिथे करून मोकळे व्हा. कोणाही गृहिणीला हे पुस्तक न वाचता कळतं. शून्यवाद्याची अडचण अशी की काम दोन मिनिटांचं आहे की नाही, हे ठरवल्याशिवाय त्याला हात घालता येत नाही. त्यासाठी त्यानं एक्सेलमध्ये तक्ता केलाय. कामाचं नाव, अंदाजे वेळ, प्रत्यक्ष लागलेला वेळ, फरक, फरकाची कारणं. एकदा शिपाईमामा सांगायला आले की कूलरचं पाणी संपलंय आणि जारवाल्याला कळवायला हवं. यानं तक्ता उघडला. "मामा, साधारण किती मिनिटांचं काम?" मामा म्हणाले, "साहेब, मी फोन केला तर अर्ध्या." "मग तुम्हीच करा." त्या दिवशी नियम तंतोतंत लागू पडला. माझ्या माहितीत तेवढा एकदाच.

त्याच्या पाठीमागच्या पांढऱ्या फळ्यावर चार चौकोन आखलेले आहेत. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या नावानं ही आखणी ओळखली जाते, आणि स्टीफन कव्ही यांच्या १९८९ च्या पुस्तकानं ती जगभरच्या ऑफिसांत पोचवली. तातडीचं आणि महत्त्वाचं एका चौकोनात. महत्त्वाचं पण तातडीचं नाही ते दुसऱ्यात. तातडीचं पण महत्त्वाचं नाही ते तिसऱ्यात. दोन्ही नाही ते चौथ्यात. आमच्या मालकांच्या लेखी कंपनीत तातडीचं नाही असं काही नसतं. त्यामुळे सगळी कामं पहिल्या चौकोनात दाटीवाटीनं बसली आहेत, अक्षरं बारीक होत होत कोपऱ्यात वळली आहेत. चौथा चौकोन बरेच महिने कोरा होता. मग सफाईवाल्या मावशींनी एका शनिवारी फळा पुसला. तेव्हापासून चौथ्या चौकोनात 'पुसू नये' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे.

आणि मग टोमॅटो आला.

फ्रान्चेस्को चिरिलो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याचं १९८० च्या दशकाच्या अखेरीस अभ्यासात लक्ष लागत नव्हतं. स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं गजराचं घड्याळ लावून तो अभ्यासाला बसू लागला. पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं सुट्टी, पुन्हा पंचवीस मिनिटं. ही 'पोमोडोरो' पद्धत पुढे जगभर गेली. आमच्या शून्यवाद्यानं तसाच लाल टोमॅटो मागवला. तो टेबलावर दिवसभर टकटक करत राहतो. पंचवीस मिनिटं झाली की खणखणतो, आणि शून्यवादी जे हातात असेल ते टाकून उठतो व गेटपर्यंत फेरी मारून येतो. नियम म्हणजे नियम.

एकदा चाकणचा एक फोर्जिंगवाला रेट ठरवायला आला होता. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, स्टील महागल्याचं रडगाणं झालं, आणि त्यानं आकडा सांगितला. त्याच क्षणी टोमॅटो वाजला. शून्यवादी एक शब्द न बोलता उठला आणि दार उघडून बाहेर गेला. फोर्जिंगवाल्यानं माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे बघितलं. खिडकीतून दिसत होतं, शून्यवादी गेटपाशी उभा राहून दीर्घ श्वसन करत होता. पाच मिनिटांनी तो परत येऊन खुर्चीत बसला आणि "हं, कुठे होतो आपण?" म्हणाला, तेव्हा समोरच्या माणसानं आपण होऊन तीन टक्के खाली येऊन नवा आकडा सांगितला. तेव्हापासून व्हेंडर मंडळींत त्याचं नाव फार कडक माणूस म्हणून झालंय. टोमॅटोचे पैसे त्या एका दिवसात वसूल झाले, हे मान्य करायला हवं.

आता माहितीचं. खरेदीच्या माणसाला खरं म्हणजे रोज कितीशी माहिती लागते? स्टीलचा भाव, कोणाचा माल रस्त्यात आहे, कोणाचं बिल अडकलंय, जीएसटीत काय अडलंय. शून्यवाद्याच्या फोनमध्ये येणारी माहिती याच्या कैक पट आहे. जागतिक तांब्याचा आढावा येतो. पुरवठा साखळीवरची तीन साप्ताहिक पत्रकं येतात, आणि कमी वेळात जास्त काम कसं करावं यावरची पाच. ही पाच वाचायला मंगळवारची सकाळ जाते. जे वाचून होत नाही ते 'नंतर वाचा'मध्ये जातं. जे ऐकायचं ते तो दुप्पट वेगानं ऐकतो, त्यामुळे नाशिक फाट्यापासून भोसरीपर्यंत त्याच्या गाडीत कोणीतरी सतत घाईत भांडत असल्याचा भास होतो.

व्हॉट्सॲपवर 'पर्चेस टीम' नावाचा ग्रुप होता. त्यात शुभेच्छा फार येतात म्हणून त्यानं 'पर्चेस टीम: फक्त कामाचं' असा दुसरा काढला. त्यात कामाचं फार येतं म्हणून तिसरा काढला, 'पर्चेस टीम: फक्त अर्जंट'. तिसऱ्या ग्रुपवर पहिला संदेश स्टोअर्सच्या साहेबांचा पडला. वाफाळता चहा, शेजारी गुलाब, खाली सुप्रभात. शून्यवाद्यानं चौथा ग्रुप काढला नाही. नियमावली काढली, आणि ती तिन्ही ग्रुपांवर टाकली.

या सगळ्यात ग्राहकाकडून एका पार्टच्या ड्रॉइंगची नवी रिव्हिजन मेलनं आली. एका भोकाचा व्यास बदलला होता. शून्यवाद्यानं मेल उघडला, त्याला 'ग्राहक', 'ड्रॉइंग', 'वाचन-गंभीर' अशी तीन लेबलं लावली आणि आर्काइव्ह केला. आकडा शून्य झाला. व्हेंडरकडे मात्र जुनंच ड्रॉइंग गेलं आणि पार्टची पूर्ण लॉट जुन्या व्यासाची आली. मी ती नापास केली, मीटिंग बोलावली गेली, आवाज चढले. ग्राहकानं कळवलंच नव्हतं, असं मालक म्हणू लागले. तेव्हा शून्यवाद्यानं लॅपटॉप पुढे ओढला, दोन शब्द टाइप केले आणि मेल पडद्यावर आणला. तारीख, वेळ, जोडलेलं ड्रॉइंग, सगळं जिथल्या तिथे. "चार सेकंद," तो आम्हा सगळ्यांकडे बघत म्हणाला. "सिस्टीम नसती तर हा मेल कधी सापडला नसता." त्या चेहऱ्यावरचं समाधान इतकं निर्मळ होतं की लॉटचं काय करायचं हे विचारायचं कोणालाच सुचलं नाही.

माझं स्वतःचं त्याच्याकडे अडकलेलं प्रकरण क्षुल्लक आहे. दोन डिजिटल व्हर्निअर हवे होते. जुने झिजले आहेत, ऑडिटमध्ये शेरा येतो. मी रिक्विझिशन भरली. त्याच्याकडे तीन कोटेशनं आली, तुलनेचा तक्ता झाला, तिघांतला कोण घ्यायचा ते मी लिहूनही दिलं. उरलं ते फक्त 'हो' म्हणणं. हे 'हो' सोडून बाकी सगळं त्या प्रकरणाच्या वाट्याला आलंय. त्याला रंग मिळाला, क्रमांक मिळाला, दर सोमवारी आपोआप येणारी आठवण मिळाली. मी विचारायला गेलो की तो पडदा माझ्याकडे फिरवून प्रकरण कुठे आहे ते दाखवतो. ते नेहमी असतं. हरवलंय अशी तक्रार मला कधी करता येणार नाही.

त्याचे वडील, अण्णा, नगरच्या कलेक्टर कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. आता त्याच्याकडे चिंचवडला असतात. गणपतीत मी त्यांच्याकडे गेलो होतो. आरती झाली, मोदक झाले आणि शून्यवादी मला नवीन ॲप दाखवू लागला. घरची कामंही त्यानं त्यात घातली होती. 'अण्णांच्या बीपीच्या गोळ्या' हे काम हिरव्या रंगात होतं. अण्णा चष्मा कपाळावर चढवून शेजारी येऊन बसले.

"हे रोज किती येतं रे?" त्यांनी विचारलं.

"दीडशेच्या आसपास, अण्णा."

"आवक दीडशे. आणि निर्गती?"

"म्हणजे सगळे बघून होतात. संध्याकाळी शून्य."

"बघणं म्हणजे निर्गती नव्हे," अण्णा म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "तुला सांगतो, आमच्याकडे सहा गठ्ठे असायचे. टेबलावर आलेला प्रत्येक कागद त्या सहांतल्या एकात गेलाच पाहिजे. ज्याच्यावर काम करायचंय तो एक. दुसऱ्याच्या उत्तराची वाट बघतोय तो प्रतीक्षाधीन. दर महिन्याला, तिमाहीला जायची ती नियतकालिकं. स्थायी आदेशांची संचिका वेगळी. काम संपलेलं अभिलेख कक्षात पाठवायचं. आणि सहावा, नष्ट करायचा. ऐंशीच्या दशकात अनिलकुमार लखिनासाहेब नगरला कलेक्टर होते, त्यांनी सबंध कचेरीच नव्यानं लावली. टेबलं कशी मांडायची, कागद कुठून कुठे जायचा, सगळं. लखिना पॅटर्न म्हणतात. बाहेरगावचे अधिकारी बघायला यायचे. पण गठ्ठे बांधायला शेवटी आम्हीच होतो." इथे ते थांबले. "तुझा सहावा गठ्ठा कुठाय रे?"

शून्यवाद्यानं समजावलं की आता काही नष्ट करावं लागत नाही, जागा हवी तेवढी मिळते. यात तथ्य आहे. हॉटमेलची फुकट पेटी दोन एमबीची असायची तेव्हा दर आठवड्याला झाडलोट करावी लागे. १ एप्रिल २००४ रोजी जीमेल एक जीबी घेऊन आलं तेव्हा तारीख बघून लोकांना ती थट्टा वाटली. त्यानंतर घरातल्या माळ्यासारखं झालं. जागा आहे ना, असू दे.

"जागेचा प्रश्न नाही," अण्णा म्हणाले. "आमच्याकडेही कपाटं होती. अरे, 'अ' वर्ग कायम ठेवायचा, 'ब' तीस वर्षं. 'ड' म्हणजे वर्षभर, की संपला. पण 'ड' असाच फाडता येत नसे. त्याची यादी करायची, साहेबांपुढे ठेवायची, साहेबांनी सही करायची की हे आता कोणाला लागणार नाही. मग फाडायचं." ते जरा हसले. "काही साहेब सही करायला फार घाबरायचे. पाच पाच वर्षं ड वर्ग तसाच पडून."

मी शून्यवाद्याकडे बघितलं. तो अण्णांचं बोलणं फोनमध्ये टिपून घेत होता. अण्णांनी नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंय, असं मला तरी वाटलं. आर्काइव्हचं बटण दाबायला सही लागत नाही. हे नको, हे घ्यायचं नाही, हे करायचं, असं कुठेही म्हणावं लागत नाही. कागद दिसेनासा होतो आणि साहेबांची लेखणी कोरडी राहते. व्हर्निअरला 'नाही' म्हणाला असता तरी मी समजू शकलो असतो. निदान भांडता तरी आलं असतं.

सोमवारी सकाळी आम्हा सर्वांना बैठकीचं निमंत्रण आलं. विषय: 'ड वर्ग: निकष आणि अंमलबजावणी'. पन्नास मिनिटं, मध्ये टोमॅटोची सुट्टी. शून्यवादी उत्साहानं फुलून आला होता. त्यानं 'ड'चे पोटविभाग पाडले होते: ड-निश्चित, ड-बहुधा, ड-पुनर्विचार. अकाउंट्सच्या मॅडमनी विचारलं, यात बिलं येणार का, कारण बिलांना हात लावलेला त्यांना चालणार नाही. स्टोअर्सच्या साहेबांनी विचारलं, चलनांचं काय. मी अण्णांचं वाक्य आठवून विचारलं, "आणि सही कोण करणार?"

खोलीत जरा वेळ फक्त टोमॅटोची टकटक. विभागप्रमुख तोच होता. त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकत गेलं, आणि मला क्षणभर वाटलं की आता हा सगळे जुने मेल एका फटक्यात पुसून टाकणार, व्हर्निअरला हो म्हणणार आणि शॉपवर जाऊन कुठलातरी पार्ट हातावर उडवणार.

"मीच करणार," तो म्हणाला. "जबाबदारी माझी. पण न वाचता सही करणं बरोबर नाही. सुरुवातीपासून सगळं एकदा नजरेखालून घालावं लागेल."

टोमॅटो वाजला आणि तो गेटकडे गेला.

आता रोज दुपारी दोन ते चार त्याच्या कॅलेंडरवर 'ड' असतं. त्या वेळात फोन घेत नाही. कंपनीत मेल सुरू झाले तिथपासून तो वाचत येतोय आणि सध्या २०११ च्या मार्चमध्ये पोचलाय. एखादा मेल 'ड'मध्ये टाकावा की नाही अशी शंका आली, तर तो संबंधितांना पुढे पाठवून विचारतो, 'याची पुढे गरज पडेल का?' त्यामुळे सकाळचा आकडा हल्ली दोनशेच्या वर असतो. परवा असाच एक मेल माझ्याकडे आला. आमच्या विभागाच्या त्या वेळच्या साहेबांनी, जे कधीच निवृत्त झाले, लिहिलेला. दोन व्हर्निअर हवेत, जुने झिजले आहेत. खाली शून्यवाद्याचं त्या वेळचं उत्तर होतं, 'दोन दिवसांत बघतो.' वर त्यानं मला नवीन ओळ लिहिली होती: 'हा विषय अजून चालू आहे का, की ड मध्ये घेऊ?'